न पाहिलेल्यांचा स्नेह

ज्याला कधी पाहिले नाही, त्याच्याशी खरा स्नेह जडू शकतो काय? मराठी साहित्याला हा प्रश्न अपरिचित नाही. अण्णाभाऊ साठे यांनी स्टालिनग्राडचा पवाडा रचला तो दुसरे महायुद्ध चालू असताना. रशियाची भूमी त्यांनी पाहिली ती मात्र १९६१ मध्ये. त्या पवाड्यात उत्कट आत्मीयता होती, पण तिला पलीकडून उत्तर येण्याची सोय नव्हती.

संगणकाच्या जाळ्याने ती सोय केली. ऑगस्ट १९९१ मध्ये मॉस्कोत सत्ता बळकावण्याचा प्रयत्न झाला, तेव्हा ‘रेलकॉम’ या सोव्हिएत जाळ्यावरून शहरातील वार्ता परदेशी गेल्या आणि बाहेरच्या बातम्या आत आल्या. १९९४ मध्ये नताशा बुलाशोवा आणि ग्रेग कोल यांनी रशियन व अमेरिकन नागरिकांच्या परिचयासाठी ‘फ्रेंड्स अँड पार्टनर्स’ हा उपक्रम आरंभिला. शत्रू म्हणून ज्याची ओळख करून दिली गेली होती, तोच आता पत्राला उत्तर देऊ लागला.

२०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर मोठे आक्रमण केले आणि दोन्ही राष्ट्रांतील दुरावा पुन्हा टोकाला गेला. म्हणून तो स्नेह व्यर्थ ठरतो काय? तसे म्हणणे म्हणजे व्यक्तींच्या मैत्रीकडून राज्यसंस्थांच्या कर्तव्याची अपेक्षा करणे होय. परिचयाने युद्ध टळतेच असे नाही. परंतु अपरिचिताचा द्वेष अज्ञानाच्या नावावर खपवता येतो. ज्याचे उत्तर एकदा वाचले, त्याच्याविषयी तशी सबब माणसाला उरत नाही. अशा स्नेहाचे नैतिक मूल्य या जबाबदारीत आहे.