ब्रेकला गिअर नसतो

ओतूरच्या एका पोरानं जुनी पिकअप घेतली आणि त्याच हंगामात टोमॅटोचं भाडं धरलं. माल वाशी मार्केटला, रस्ता माळशेज घाटातून. भाडं क्रेटमागे ठरलेलं. खरी गोम या बोलीतच आहे. गाडी किती वजनाची, हे कुणी विचारत नाही; क्रेट किती बसतात, एवढंच विचारतात. नव्वद बसत होते.

गाडी मागून बसायला लागली तेव्हा त्यानं टायरात जादा हवा मारली, मिस्त्रीकडून दोन पाटे वाढवून घेतले. गाडी परत ताठ उभी राहिली. दोन खेपा सुखरूप झाल्या. त्याला वाटलं, गाडीची ताकद वाढली.

पुढच्या खेपेला चुलते शेजारी बसले. अण्णांची हयात ट्रकवर गेलेली. निघताना त्यांनी गाडी काट्यावर घ्यायला लावली. वजन भरलं ३,८३० किलो.

“आरसी बुकात काय लिहिलंय?”

“रिकामी १,६९०, भरलेली २,९९०.”

“म्हणजे तेराशे किलो. त्यातच तू, मी, ताडपत्री, दोर. वीस किलो मालाचं क्रेट डब्यासकट बावीस किलो होतं. पन्नास क्रेटात गाडी भरली. बाकीचे उतरव.”

“पण अण्णा, चढाला कुठं दमते ती? आणि व्यापारी रात्री माल मागतोय.”

पोरानं ऐकलं नाही. अण्णाही उतरले नाहीत. त्याला घाटात एकटं सोडवेना.

घाटाच्या उतारावर गाडी तिसऱ्या गिअरमध्ये आणि पोराचा पाय ब्रेकवर. निम्म्या घाटात लायनर जळल्याचा वास आला. पुढच्या वळणावर पेडल खोल गेलं आणि गाडी धरेना. “दुसरा टाक! हँडब्रेक हळूहळू ओढ!” अण्णा ओरडले. इंजिन किंचाळलं, वेग तुटला, डोंगराच्या बाजूला रुंद जागेत गाडी कशीबशी थांबली. पोरानं पाण्याचा कॅन उचलला तसा अण्णांनी त्याचा हात धरला. तापलेल्या ड्रमवर पाणी पडलं तर तो तडकतो.

गार होईपर्यंत दोघं कठड्यावर बसले.

“चढावर गिअर इंजिनाचा जोर वाढवतो, म्हणून दुप्पट ओझंही हलतं,” अण्णा म्हणाले. “ब्रेकला गिअर नसतो. उतारावर ओझ्याचा जोर त्याला उष्णता करून जिरवावा लागतो. पाटे वाढवलेस, पण ड्रम, ॲक्सल, बेअरिंग, टायर तेच राहिले. मागं बंद पडलेली गाडी बांधलीस तरी हाच हिशेब. चढाला तू तिला ओढशील, उताराला ती तुला ढकलेल.”

टोकावड्याहून दुसरी पिकअप मागवून चाळीस क्रेट तिच्यात चढवले. त्या खेपेचं भाडं त्यातच गेलं. जादा भाराला २०१९ च्या दुरुस्तीपासून २०,००० रुपये दंड आहे, वर प्रत्येक जादा टनाला २,०००. तो भरायची वेळ आली असती तर व्यापारी पुढं आला नसता. ओझं भरायला लावणारा कधीच स्टिअरिंगवर नसतो, आणि हा अन्याय आपल्या बाजारात रोज चालतो.

गावी परतल्यावर पोरानं आधी वाढवलेले पाटे काढून टाकले. व्यापाऱ्याला सांगितलं, “पन्नास नेईन.”

“परवा तर नव्वद ओढलेस की!”

“ओढले. थांबवता आले नाहीत.”

व्यापाऱ्यानं माल दुसऱ्या गाडीला दिला. पोरगा आठवडाभर भाड्यावाचून बसला. मग पन्नास क्रेटवाला एक शेतकरी भेटला.