पंगतीचे शेवटचे पान

देवळाच्या महाप्रसादाची पंगत ज्यांनी स्वतःच्या हाताने वाढली आहे त्यांना एक गोष्ट अनुभवाने ठाऊक असते. वाढप्याच्या हातातील बादली पहिल्या पानाशी काठोकाठ भरलेली असते. शेवटच्या पानाशी तो पोहोचतो तेव्हा तिचा तळ दिसू लागतो. वाढपी पक्षपात करतो असे नव्हे. त्याने प्रत्येक पानावर एकेक पळीच घातलेली असते. तथापि पहिल्यांच्या पानावर भाजी पडते आणि शेवटच्यांच्या पानावर नुसता रस्सा. पुजाऱ्याच्या घरात जन्म झाल्यामुळे हे दृश्य आम्ही लहानपणापासून पाहत आलो. आमच्या वडिलांचा दंडक असा की, दुसरी वाढ नेहमी पंगतीच्या शेवटच्या टोकापासून सुरू व्हावी. पुढे बसलेली मातब्बर मंडळी त्यामुळे कुरकुरत. वडील त्यांना हात जोडीत, पण दंडक मोडीत नसत.

या पंगतीची आठवण होण्यास कारण आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये जामसावळीस घोषणा झाली आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात छिंदवाडा जिल्ह्यातून पांढुर्णा व सौंसर हा आपला मुलूख वेगळा निघून त्याचा स्वतंत्र जिल्हा झाला. आता आपले हिशेब आपल्याच गावी मांडले जाणार. सरकारी तिजोरीतून येणाऱ्या पैशाची पंगत आपल्याच अंगणात बसणार. त्या पंगतीत सर्वांत लहान पाने मांडून बसलेली आहेत ती तीन ते सहा वर्षांची बालके. त्यांच्या अंगणवाडीवर होणारा खर्च गावोगाव कोणत्या न्यायाने वाटला जावा, हा प्रश्न वाचकांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

अंगणवाडी हा शब्दच मुळी मराठी मातीत रुजला. ताराबाई मोडक यांनी १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघाच्या कार्यास आरंभ केला आणि १९४५ मध्ये त्या बोर्डी येथे गेल्या. बालवाडी उघडली, तरी वस्तीतील दलित व आदिवासी मुले तिच्याकडे येईनात. ताराबाईंनी व अनुताई वाघ यांनी मुलांना दोष दिला नाही. मूल शाळेपर्यंत येत नसेल तर शाळेने मुलाच्या अंगणात जावे, असे त्यांनी ठरविले व तसे केले. पुढे १९५७ मध्ये हेच कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. या साध्या कृतीत एक मोठे तत्त्व आहे. शाळेचे दार सर्वांस उघडे ठेवले एवढ्याने न्याय पुरा होत नाही. त्या दाराशी पोहोचण्यास कोणाला किती चालावे लागते हेही मोजावे लागते.

शासनाने २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ विकासखंडांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली. ती सर्वत्र पोहोचण्यास दशके लागली. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००६ मध्ये निदान चौदा लाख अंगणवाड्या उघडाव्यात असा आदेश दिला. ज्या वस्तीत सहा वर्षांखालील चाळीस मुले आहेत आणि अंगणवाडी नाही, तिने मागणी केल्यास तीन महिन्यांत ती मिळावी, असेही त्यात सांगितले. मात्र कायद्याचे बळ सर्व वयांस सारखे लाभलेले नाही. २००२ च्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना शिक्षणाचा मूलभूत हक्क दिला. सहा वर्षांखालील बालकांविषयी राज्य प्रयत्न करील, एवढेच आश्वासन दिले. हक्क आणि प्रयत्न यांत जे अंतर आहे ते आपल्या वस्त्यांच्या अंतरासारखेच आहे. रस्त्यालगतच्या गावास ते जाणवत नाही. डोंगरातल्या ढाण्यावर ते पायांना कळते.

आता पैशाकडे पाहू. बालकांच्या पूरक आहारासाठी केंद्राने २०१७ मध्ये दर मुलामागे दररोज ८ रुपये हा दर ठरविला. सेविकेस केंद्राकडून मिळणारे मानधन २०१८ मध्ये ३,००० वरून ४,५०० रुपये झाले. मध्य प्रदेश शासनाने त्यात स्वतःची भर घालून २०२३ मध्ये एकूण १३,००० रुपये केले. हे दर सर्व ठिकाणी सारखे. पांढुर्ण्याच्या बाजारपेठेतल्या केंद्रास जो दर, तोच सातपुड्याच्या कुशीतल्या गोंड वस्तीस. वरवर पाहता याहून न्याय्य काय असू शकेल?

परंतु दर जे पाहू शकत नाही ते डोळ्यांनी पाहावे. बाजाराच्या गावी धान्य, भाजी, तेल दाराशी मिळते. डोंगरातल्या वस्तीवर तेच पोहोचविण्यात आठ रुपयांतला काही भाग वाटेतच खर्ची पडतो. लोकसंख्या थोडी म्हणून जिथे मिनी अंगणवाडी उघडली गेली, तिथे योजनेनुसार एकट्या सेविकेवर सारा भार आला. शिकविणारी, शिजविणारी, वजन घेणारी आणि नोंदवही भरणारी ती एकच. दिवाळीच्या सुमारास कापसाची वेचणी लागते. आई उजाडताच शेतावर जाते आणि दिवे लागणीला परतते. अंगणवाडी दुपारी मिटते. मग मूल थोरल्या बहिणीच्या काखेला, आणि थोरली बहीण शाळेबाहेर! नोकरदाराच्या घरी दुपारी मूल सांभाळण्यास आजी असते किंवा मोलकरीण असते. त्या घरास तेवढी अंगणवाडी पुरते. वेचणीच्या मजुरीवर जगणाऱ्या घरास ती पुरत नाही.

आणखी एक गोष्ट आहे, तिला तर पैशाचे मापच लागत नाही. १९५६ मध्ये राज्यांची पुनर्रचना झाली आणि नागपूर राजधानी असलेल्या जुन्या मध्य प्रदेशातून आपण नव्या मध्य प्रदेशात आलो. घरात मराठी, कचेरीत हिंदी, ही आपली रीत झाली. त्याच वर्षी घटनेत भाषिक अल्पसंख्यांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळावे अशी तरतूद घातली गेली. तीन वर्षांच्या मुलाच्या तोंडी आईची भाषा असते, मग ती मराठी असो की गोंडी. त्या भाषेतले चित्रांचे पुस्तक, त्या भाषेतली गाणी जाणणारी सेविका यांस थोडा अधिक खर्च येतो. एकाच भाषेच्या जिल्ह्यास तो करावा लागत नाही. आपणांस करावा लागतो. सारखा दर ही गरजही पाहत नाही.

गीतेच्या पाचव्या अध्यायात समदर्शी पुरुषाचे वर्णन आहे. विद्याविनयसंपन्न ब्राह्मण, गाय, हत्ती, श्वान आणि चांडाळ या सर्वांच्या ठायी तो समदृष्टीने पाहतो. आम्हांस वाटते, या वचनाचा अर्थ आपण पुष्कळदा अर्धाच घेतो. गाय आणि हत्ती यांना समदृष्टीने पाहणारा मनुष्य दोघांपुढे सारखीच वैरण टाकील काय? टाकील तर हत्ती उपाशी राहील, आणि त्या मनुष्याची दृष्टी सम होती असे कोणी म्हणणार नाही. दोघांचीही भूक भागावी अशी सारखी तळमळ, हीच त्याची समता. दृष्टी सम असली म्हणजे हात विषम होतो. आणि हात हट्टाने सम ठेवला की दृष्टीतली विषमता झाकली जाते.

हे तत्त्व राज्यकारभारास अपरिचित आहे असेही नाही. केंद्रीय करांतील वाटा राज्यांना देताना पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या पाच वर्षांसाठी जे गणित मांडले, त्यात शंभरांपैकी पंचेचाळीस भाग राज्याचे उत्पन्न इतरांहून किती कमी आहे यास दिले. म्हणजे जो मागे त्यास अधिक. त्याच गणिताने आपल्या मध्य प्रदेशास महाराष्ट्राहून मोठा वाटा मिळाला. भोपाळने दिल्लीपुढे जो न्याय मागावा आणि मिळवावा, तो भोपाळहून जिल्ह्यापर्यंत आणि जिल्ह्याहून ढाण्यापर्यंत येता येता हरवून का जावा?

परदेशांतही हा वाद झाला आहे. अमेरिकेत शाळांचा पुष्कळसा खर्च त्या त्या भागातील घरा-जमिनींवरील करातून चालतो. त्यामुळे श्रीमंत वस्तीच्या शाळा श्रीमंत आणि गरीब वस्तीच्या गरीब. टेक्सासमधील गरीब पालक यावर दाद मागण्यास गेले, तेव्हा १९७३ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी त्यांचे म्हणणे अमान्य केले. परंतु न्यू जर्सी या राज्याच्या न्यायालयाने १९९८ मध्ये वेगळा मार्ग दाखविला. राज्यातील अतिगरीब भागांतल्या तीन व चार वर्षांच्या बालकांना चांगले पूर्वप्राथमिक शिक्षण राज्याने द्यावे, असा आदेश त्याने दिला. मूल कोणत्या शिवारात जन्मले यावर त्याचे पहिले अक्षर अवलंबून नसावे, हा विचार साता समुद्रांपलीकडेही सुचतो तो यामुळेच की, तो मनुष्यमात्राच्या विवेकात आहे.

यावर एक आक्षेप येईल आणि तो हलका नाही. ठरलेला सारखा दर हे कुंपण आहे. ते काढले तर अधिकारी आपल्या मर्जीतल्यांना अधिक देतील आणि गरजेचे नाव पुढे करतील. हे भय खरे आहे. म्हणून कुंपण काढू नये. सारखा दर पाया म्हणून राहू द्यावा. त्यावर जी भर घालायची तिचे माप आधी लिहून ठेवावे. पक्क्या रस्त्यापासून केंद्र किती दूर, पाणी कोठून आणावे लागते, इमारत स्वतःची आहे की भाड्याची, किती मातांना दिवसभर शेतावर जावे लागते, घरची भाषा कोणती. हे माप ग्रामसभेत मोठ्याने वाचले जावे, म्हणजे मर्जीला जागा उरणार नाही.

दुसरा आक्षेप कोणी बोलून दाखवीत नाही, पण तो आपल्या घरांत आहे. आपली मुले तर खासगी नर्सरीत जातात. अंगणवाडीशी आपणांस काय कर्तव्य? वाचकहो, आपली मुले कोठे घालावीत हे सांगण्याचा आमचा अधिकार नाही. एवढेच लक्षात आणून द्यावेसे वाटते की, ज्यांचे शब्द कचेरीत ऐकले जातात त्यांची मुले जिथून निघून जातात, तिथले छप्पर गळू लागले तरी तक्रार करण्यास कोणी उरत नाही. ‘सर्वांसाठी’ असलेली गोष्ट ‘त्यांच्यासाठी’ झाली, की तिची किंमत हळूहळू उतरते.

तिसरे म्हणणे दानशूरांचे. सरकारास न जमले ते समाजाने करावे. मे २०२२ मध्ये तत्कालीन मुख्यमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी अंगणवाड्यांसाठी खेळणी गोळा करण्यास भोपाळच्या रस्त्यांवर स्वतः हातगाडी ओढली आणि लोकांनी ती भरून दिली. कार्य चांगलेच होते. परंतु हातगाडी रस्ता असेल तिथेच फिरते. दानाचा स्वभावच असा की ते जवळच्या ओंजळीत पडते.

याची साक्ष देण्यास आम्हांला दूर जाण्याचे कारण नाही. आपल्या मंडळीने मागे पाट्या, रंग आणि खेळणी दिली, ती देवळामागच्या अंगणवाडीस. पोहोचविण्यास आम्हीच गेलो होतो. दोनशे पावलांचे अंतर. फोटो झाले, पेढे वाटले गेले. त्या केंद्रात आधीची खेळणी कपाटात बंद होती. ती फुटू नयेत म्हणून सेविकेने कुलूप लावले होते. परतताना आपण पुण्य केले असेच आम्हांस वाटले. त्याच दिवशी आपल्याच जिल्ह्यातले कोणते केंद्र रित्या भिंतींशी बसले असेल, हा विचार आम्हांला शिवला नाही. वडिलांचा पंगतीचा दंडक घरात असूनही शिवला नाही, याची आज लाज वाटते.

नव्या जिल्ह्याची मागणी करताना आपण काय म्हणत होतो ते आठवावे. छिंदवाडा दूर, एका कागदासाठी दिवस मोडतो, पैसा मुख्यालयाजवळ जिरतो आणि टोकाकडच्यांच्या वाट्यास उरलेले येते. ते गाऱ्हाणे खरे होते. आता मुख्यालय आपण आहोत. तेच शब्द डोंगरातला बाप आपल्यापुढे उच्चारील तर आपण काय उत्तर देणार? जे गाऱ्हाणे आपल्या तोंडी सत्य होते ते त्याच्या तोंडी असत्य ठरू शकत नाही.

म्हणून आमची सभासद कुटुंबांस नम्र विनंती आहे. मंडळीचे बालकांसाठीचे यंदाचे साहाय्य सर्वांत दूरच्या केंद्रापासून सुरू व्हावे, आणि ते नेणाऱ्यांनी तिथे एक दिवस बसून काय उणे आहे ते लिहून आणावे. आपले दान त्या उणिवेस पुरणार नाही. पुरावे असा आग्रहही नको, कारण जे राज्याचे देणे आहे ते भिक्षेने फिटू नये. ती यादी घेऊन आपल्यापैकी दोघा-चौघांनी ग्रामसभेत व जिल्ह्याच्या कचेरीत उभे राहावे आणि तिथे जाणाऱ्या मुलांच्या वतीने बोलावे. आपली मुले तिथे जात नाहीत म्हणूनच आपल्या बोलण्यास स्वार्थाचा वास येणार नाही.

पुढच्या महाप्रसादास आम्ही पुन्हा बादली घेऊन उभे राहू. दुसरी वाढ कोणत्या टोकापासून येईल हे आपणांस ठाऊक आहे. पुढे बसलेल्यांनी त्या दिवशी कुरकुरू नये, एवढे मागून रजा घेतो.