दाढ काढल्यानंतरचे सोसणे

दाढ काढल्यावर जबड्यात जी पोकळी उरते ती शरीर आपल्याच रक्ताने भरते. तेथे रक्ताची गुठळी बसते आणि तिच्या आश्रयाने नवे मांस व पुढे हाड धरू लागते. म्हणून दंतवैद्य बजावतात : बोळा दाबून धरा, चोवीस तास चूळ भरू नका, थुंकू नका, तंबाखूला तर शिवूच नका. गुठळी निसटली की हाड उघडे पडते आणि दोन-तीन दिवसांनी असा ठणका लागतो की मूळची दाढदुखी बरी म्हणावी.

केळापूरकडे हे पथ्य सोपे नाही. राज्यात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली, तरी खर्रा घोटल्याविना पुष्कळांचा दिवस सुरू होत नाही. शिवाय कापूस वेचणीच्या दिवसांत दाढ काढलेली बाई दुसऱ्या सकाळी शेतात उभी राहते. मजुरी बुडते ना!

अशा वेळी आपली भाविक मंडळी सहज म्हणून जातात, "दुःख प्रभूला अर्पण करा." वाक्य खोटे नाही. परंतु ते कोणी कोणास म्हणावे? ख्रिस्ताने क्रूसावर खिळले जाण्यापूर्वी बोळ मिसळलेला द्राक्षारस नाकारला (मार्क १५:२३), हे प्रमाण पुढे करून साधी गोळीही न घेणारे वृद्ध आम्हांस ठाऊक आहेत. त्यांच्या श्रद्धेपुढे आम्ही नमतो. पण प्रभूने तो प्याला स्वतःपुरता नाकारला; दुसऱ्याच्या हातून हिरावून घेतला नाही. त्याच्याच दृष्टान्तातील शोमरोनी मनुष्याने जखमांवर तेल व द्राक्षारस ओतला, उपदेश केला नाही. पोप बारावे पायस यांनीही २४ फेब्रुवारी १९५७ रोजी भूलतज्ज्ञांच्या प्रश्नांना उत्तर देताना वेदनाशमन ख्रिस्ती मनुष्यास निषिद्ध नसल्याचे स्पष्ट केले.

संत अपोलोनिया हिचे दात आलेक्झांड्रियातील जमावाने इ. स. २४९ च्या सुमारास पाडले. तिने ते श्रद्धेपायी सोसले. मात्र तिच्याकडे दाढदुखी घेऊन जाणारे भाविक शतकानुशतके आरामच मागत आले, अधिक वेदना कोणी मागितल्याचे ऐकिवात नाही!

स्वखुशीने सोसणे हे अर्पण. नाइलाजाने सोसावे लागणे ही गोष्ट निराळी. तेव्हा त्या मजूर बाईला काही सांगण्यापूर्वी तिची दोन दिवसांची मजुरी कोण भरणार, तिच्या चुलीवर मऊ भात कोण शिजवणार, हे आपण आधी ठरवावे. वेचणी सुरू झाली की हा प्रश्न दारी येतोच.