शेष आणि शिळे

मागील वर्षीची गोष्ट. आमच्या घरी मार्गशीर्षात श्रीगुरुचरित्राचा सप्ताह असतो. सांगतेच्या दिवशी पंचवीस-तीस पाने झाली. घेवड्याची भाजी, वरणभात, पुरणपोळी असा महाराजांच्या कृपेने यथासांग बेत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी देवपूजा करून उठतो, तो सूनबाई पातेलेभर भात ओल्या कचऱ्याच्या डब्यात टाकताना दिसली. माझा पारा चढला.

"अगं, सप्ताहाचं अन्न ते! अन्नाला आपण ब्रह्म म्हणतो आणि तू डब्यात घालतेस?"

ती शांतपणे म्हणाली, "बाबा, काल दुपारपासून ओट्यावरच राहिलाय. वास यायला लागलाय. आई त्याला फोडणी घालून खायला निघाल्या होत्या, म्हणून मी आधीच टाकला. तुम्ही खाल्ला असतात का?"

वाचकहो, या प्रश्नाचे उत्तर मला देता आले नाही. चाळीस वर्षांच्या संसारात माझ्या पानात शिळा भात पडल्याचे मला आठवेना. ‘अन्न टाकू नये’ हे व्रत मी सर्वांना सांगत आलो. ते पाळत मात्र आली होती ही. तिच्या आधी माझी आई. एका उन्हाळ्यात आईला दोन दिवस उलट्या-जुलाब झाले होते. आम्ही म्हटले, ऊन बाधले. आदल्या रात्री तिने काय खाल्ले होते, हे आम्हा भावंडांपैकी कोणीही विचारले नाही.

तेव्हापासून मनात घोळत होते ते इथे मांडतो.

शास्त्र काय म्हणते? तैत्तिरीय उपनिषदात अन्नाची निंदा करू नये, अन्न अव्हेरू नये, अन्न पुष्कळ करावे, असा उपदेश आहे. पण गीतेच्या सतराव्या अध्यायात आहारांचे तीन प्रकार सांगताना प्रहर उलटून गेलेले, रात्र ओलांडलेले अन्न तामस म्हटले आहे. म्हणजे टाकायचेही नाही आणि शिळे खायचेही नाही. मग करायचे काय?

मला वाटते, आपण दोन वेगळ्या गोष्टी एकाच नावाने ओळखतो. एक ‘शेष’ आणि दुसरे ‘शिळे’. देवाला नैवेद्य, अतिथीला पान, गाईला घास, लेकराबाळांचे जेवण झाल्यावर जे उरते ते शेष. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात यज्ञ करून उरलेले खाणाऱ्याची थोरवी सांगितली आहे, ती या शेषाची. ते ताजेच असते, फक्त आपण ते शेवटी घेतो. शिळ्याची गोष्ट वेगळी. ते दुसऱ्याला आधी दिल्यामुळे उरत नाही. आपला अंदाज चुकल्यामुळे किंवा हौस जास्त झाल्यामुळे उरते. शेष खाणे हा त्याग. शिळे खाणे ही कोणाच्या तरी चुकीची भरपाई. घरातल्या बाईकडून आपण भरपाई करून घेतली आणि तिला त्याग असे नाव दिले.

मधुकरीची रीत पाहा. गाणगापुरात आजही माध्यान्हकाळी भक्त झोळी घेऊन पाच घरी भिक्षा मागतात. भुंगा जसा एकेका फुलातून थोडेथोडे घेतो तसे. कोणा एका घरावर भार नाही, कोणाला वेगळे रांधावे लागत नाही. दुपारच्या स्वयंपाकातला वाटा गृहिणी झोळीत घालते. काल रात्रीचे उरलेले कोणी दत्तप्रभूंच्या नावाने घालील काय? जे झोळीत घालायला हात धजत नाही, ते घरातल्या एकाच माणसाच्या ताटात कसे चालते?

आता थोडे विज्ञानही सांगतो. पुष्कळांना वाटते की फोडणी घातली, चांगले गरम केले की भातातला दोष जातो. तसे नाही. तांदळात एका जंतूची बीजे असतात, ती भात शिजवूनही मरत नाहीत. भात कोमट राहिला की ती रुजतात, वाढतात आणि विष तयार करतात. त्यातले उलट्या करणारे विष पुन्हा उकळले तरी जात नाही. म्हणून भात उरला तर पातेल्यात झाकून ठेवू नये. परातीत पसरून लवकर निववावा, तास-दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवावा, दुसऱ्या दिवशी एकदाच वाफ येईपर्यंत गरम करून संपवावा. पोळीत पाणी कमी, म्हणून ती त्यापेक्षा बरी टिकते. फोडणीची पोळी, गूळ-तुपाचा पोळीचा लाडू ही आपल्या आज्यांची हुशारीच. वरण उरले तर तेही वेळेवर फ्रिजमध्ये ठेवून त्यात कणीक भिजवावी, पराठे छान होतात.

आणि काळ लागला म्हणून सगळेच बिघडते असेही नाही. दही, लोणचे, मुरांबा काळानेच घडतात. ओडिशात भात पाण्यात आंबवून ‘पखाळ’ आवडीने खातात. गुजरात-राजस्थानात शीतळा सातमीला चूल पेटवत नाहीत, आदल्या दिवशी रांधलेले थंड अन्न खातात. पण ते ठरवून, टिकेल असे केलेले असते आणि आजोबांपासून नातवापर्यंत सगळे घर तेच खाते. म्हणून ते व्रत ठरते. सर्वांनी वाटून घेतले की व्रत, एकीवर लादले की अन्याय.

खरा धर्म मात्र त्याही आधी, तांदूळ मापताना सुरू होतो. वाटीभर तांदळाचा सुमारे तीन वाट्या भात होतो, साध्या जेवणात माणशी अर्धी वाटी तांदूळ पुरे. हे गणित आम्हा पुरुषांना ठाऊक नसते. ‘कमी पडायला नको हं’ एवढे बजावून आम्ही मोकळे होतो. गुरुचरित्रात भास्कर ब्राह्मणाच्या तिघांपुरत्या शिध्यात हजारोंचे जेवण झाल्याची कथा आपण भक्तीने वाचतो आणि आपल्याकडे तीस पाने असली की पन्नासांचे रांधतो. तो अंदाजाचा दोष नव्हे, विश्वासाचा आहे. कमी पडले तर लोक काय म्हणतील, ही भीती त्या पातेल्यात शिजत असते.

आता आमच्या घरी नियम केला आहे. पाहुण्यांची संख्या मी आधी मोजून सांगतो. वाढणे झाले की उरलेला भात लगेच परातीत निववायचे काम माझे. दुसऱ्या दिवशी खाण्याजोगे जे असेल ते आधी सर्वांच्या पानात सारखे वाढायचे, पहिला घास मी घ्यायचा. जे बिघडले ते हात जोडून, चूक आपली म्हणून, खतात टाकायचे. अन्नाला नमस्कार करून ते मातीला परत देणे हा अव्हेर नव्हे. आजारी पडेल हे जाणून दुसऱ्याला ते खाऊ देणे, त्यात मात्र अन्नाचाही अपमान आहे आणि माणसाचाही.

पहिल्या दिवशी माझ्या पानात फोडणीचा भात पडला तेव्हा ही हसून म्हणाली, "अहो, मीठ कमी आहे का?" मी म्हटले, "नाही गं, ठीक आहे." खरे तर घास गिळताना आईची आठवण येत होती.

यंदाच्या सप्ताहात घेवड्याची भाजी करताना आपणही स्वयंपाकघरात एकदा डोकावून पाहावे. सर्वांची पाने उठल्यावर शेवटच्या पानात काय पडते आणि ते पान कोणाचे असते, एवढेच पाहावे.

अवधूत चिंतन श्रीगुरुदेव दत्त.