पाठीवरचे चाक

जीपगाडीच्या मागच्या दारावर टांगलेले पाचवे चाक पाहिले, की माझ्या मनात एक विचित्र प्रश्न उभा राहतो. हे चाक कोणाचे? गाडीच्या मालकाचे, हे उत्तर उघड आहे आणि कागदोपत्री ते पुरेसेही आहे. पण नीतीच्या प्रांतात उघड उत्तरे फार लांबवर साथ देत नाहीत. बाकीची चार चाके गाडीला वाहून नेतात. पाचव्याला गाडीच वाहून नेते. ज्या दिवशी त्याचा उपयोग व्हायचा तो दिवस येऊच नये, अशी इच्छा धरीत माणूस ते वर्षानुवर्षे पाठीवर बाळगतो.

आता, अडीअडचणीची तरतूद माणूस सामान्यतः लपवून ठेवतो. आपल्या आज्या तांदळाच्या डब्यात तळाशी चार नोटा ठेवीत, आणि त्या तेथे आहेत हे आजोबांनाही ठाऊक नसे. दागिना बँकेच्या कपाटात असतो, विम्याचा कागद ट्रंकेत असतो. साध्या मोटारीचे जादा चाकही डिकीत गालिच्याखाली झाकलेले असते. जीपचे तेवढे चारचौघांत टांगलेले. माझ्याजवळ एक जादा आहे, हे ती मागून येणाऱ्या प्रत्येकाला सांगत जाते. लपवलेली तरतूद आणि दिसणारी तरतूद यांत नीतीच्या दृष्टीने काही फरक पडतो काय? मला वाटते, पडतो, आणि बराच पडतो.

पण आधी त्या चाकाचे कुळ पाहू. त्याला आपण सगळे ‘स्टेपनी’ म्हणतो. मोटारी प्रथम रस्त्यावर आल्या तेव्हा त्यांच्याबरोबर जादा चाक नसे. पंक्चर झाले की चालकाने रस्त्याच्या कडेला बसकण मारायची, टायर उतरवायचा, ट्यूबला ठिगळ लावायचे आणि हातपंपाने हवा भरायची. १९०४ साली वेल्समधल्या लानेली या गावी टॉमस आणि वॉल्टर डेव्हिस या बंधूंनी यावर तोड काढली. आऱ्या नसलेली एक गोल कड, तिच्यावर हवा भरलेला टायर. पंक्चर झालेले चाक काढायचे नाही. त्यालाच ही कड बाहेरून आवळून बसवायची आणि पुढे चालू लागायचे. दुकान स्टेपनी रस्त्यावर होते, म्हणून वस्तूचे नाव स्टेपनी. ती कड इतिहासजमा झाली, नाव मात्र आपल्याकडे ड्रायव्हरांच्या तोंडी अजून जिवंत आहे. तिकडे ब्राझीलमध्येही जादा चाकाला ‘एस्तेपे’ म्हणतात. (आपण मात्र त्या शब्दाचा आणखीही एक उपयोग केला. कचेरीत बदली म्हणून बसवलेल्या माणसाला आपण खुशाल ‘स्टेपनी’ म्हणतो. वेळेला धावून येणाऱ्याचेच नाव हिणवायला वापरावे, ही भाषेची कृतघ्नता म्हणायची.)

डेव्हिस बंधूंची ती मूळ कल्पना मला फार आवडते. त्यांची स्टेपनी जखमी चाकाला दूर सारीत नसे. त्याच्या शेजारी उभी राहून त्याचा भार उचलीत असे.

मग ते चाक मागे, दारावर का गेले? हौस म्हणून नव्हे. खडकाळ चढावरून गाडी खाली उतरू लागली की तिचे मागचे टोक जमिनीला टेकू पाहते. चाक गाडीच्या पोटाखाली, मागच्या बाजूला लटकवलेले असेल, तर आधी तेच दगडावर घासणार. शिवाय चिखलात रुतलेल्या गाडीखाली सरपटत जाऊन ते सोडवणार कोण? आत ठेवावे, तर माणसांची किंवा सामानाची जागा जाते. सुझुकीने १९७० साली जी पहिली छोटी जिम्नी काढली, तिची लांबी जपानी कायद्यासाठी तीन मीटरांच्या आत ठेवणे भाग होते. म्हणून चाक आत घेतले आणि चौथ्या उतारूची जागा त्या चाकाने खाल्ली. गाडी तीन माणसांची झाली!

महायुद्धातल्या १९४१ च्या विलिज जीपला मागे दारच नव्हते. मागच्या सरळ पत्र्यावर एका बाजूला चाक आणि दुसऱ्या बाजूला पेट्रोलचा डबा, असा सारा संसार पाठीवर. युद्ध संपले, १९४५ साली तीच गाडी शेतकऱ्यासाठी निघाली. शेतकऱ्याला पोती चढवायची, म्हणून मागे उघडणारी फळी हवी. फळी आली आणि चाक मुकाट्याने गाडीच्या कुशीला सरकले. आपल्याकडे महिंद्रांनी मुंबईत जीपची जुळणी सुरू केली ती याच घराण्याची. दार आणि चाक यांचे हे भांडण पुढे मिटले ते अशा रीतीने, की दारानेच चाक उचलावे असे ठरले.

हा तह दाराला महाग पडला. मोठ्या जीपचे चाक टायरसकट पंचवीस-तीस किलोंच्या घरात जाते. दार उभे, एका बाजूला बिजागरीला धरलेले आणि हे ओझे बिजागरीपासून हातभर दूर. खाचखळग्यांतून गाडी उसळली, की तेच वजन प्रत्येक धक्क्याला कितीतरी पटींनी दाराला ओढते. मग बिजागऱ्या सैल होतात, दार खाली येते, कुलूप जुळेनासे होते, पत्र्याला तडे जातात. जुन्या लँड रोव्हरच्या मालकांना विचारावे. हे दुखणे त्यांच्या घरातले आहे. एखादा हौशी मालक मोठे टायर चढवतो, तेव्हा पाचवेही मोठे घ्यावे लागते, कारण चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाडीत एकच चाक लहान घालून लांब पळाल्यास आतली दातेरी चाके त्रासतात. मग दाराला ते पेलत नाही, आणि चाकासाठी बंपरावर वेगळा लोखंडी हात बसवावा लागतो. संकटाची तरतूद केली. आता त्या तरतुदीला पेलण्याची तरतूद करा. आरशातून मागे पाहावे तर खिडकीचा निम्मा भाग त्या चाकानेच अडवलेला! पुढच्या संकटाच्या धास्तीने माणूस मागचे पाहण्याला मुकतो, असे कोणी म्हणाल्यास मी त्यावर फार वाद घालणार नाही.

एवढे सगळे सोसून ज्याने ते चाक डोंगरासाठी बाळगले, त्याच्याविषयी मला आदरच आहे. माझा वाद आहे तो दुसऱ्या प्रकाराशी. जी गाडी डांबरी सडक सोडून कधी उतरत नाही, तिच्याही पाठीवर हे चाक येते. त्याला चकचकीत आवरण, आवरणावर डरकाळी फोडणारा वाघ किंवा बर्फाळ शिखर. ही हौस नवी नाही. १९४० च्या सुमाराच्या लिंकन कॉन्टिनेंटल या अमेरिकन गाडीच्या मागे चाक उभे असे. लोकांना ते इतके रुबाबदार वाटले, की पुढे डिकीच्या झाकणावर चाकाच्या आकाराचा नुसता फुगवटा उठवू लागले, मग खाली चाक असो वा नसो. याउलट टोयोटाची आरएव्ही-फोर १९९४ साली दारावर चाक घेऊन आली, आणि चौथ्या पिढीत तिने ते आत घेतले. आपल्याकडे २०२० साली नियमही बदलला: साडेतीन टनांपर्यंतच्या, नऊ माणसांपर्यंतच्या गाडीत पंक्चर दुरुस्तीचे साहित्य आणि टायरमधली हवा दाखवणारी यंत्रणा असेल, तर जादा चाक नसले तरी चालते. शहरातल्या माणसाला हे ठीकच आहे. दर फर्लांगावर पंक्चरवाला बसलेला असताना तीस किलोंची चिंता कशाला वाहावी?

पण आंबेनळी घाटात पंक्चरवाला नसतो. महाबळेश्वराहून पोलादपूरला उतरणाऱ्या या घाटात काही वर्षांपूर्वी मी उतारूंनी भरलेल्या एका जुन्या जीपमध्ये बसलो होतो. दिवस कलला होता. एका वळणावर तशीच दुसरी जीप उभी दिसली. तिची एक स्टेपनी आधीच चढवून झाली होती आणि आता दुसरे चाक बसले होते. आत बायकामुले. त्या ड्रायव्हरने हात केला. आमचा ड्रायव्हर उतरला, दोघे काही बोलले, आणि आमचा माणूस पाना घेऊन आमच्याच गाडीच्या मागे गेला. विलिजच्या कुळातल्या या गाड्यांची चाके साडेपाच इंची वर्तुळावरच्या पाच नटांवर बसतात. एकीचे दुसरीला चालते. चाक निघाले तसे आतले एक म्हातारे गृहस्थ अस्वस्थ झाले.

“अरे बाबा, चाक तुझं असेल,” ते म्हणाले, “पण भरवसा आमचा होता त्याच्यावर.”

ड्रायव्हर ओशाळला, पण थांबला नाही. म्हणाला, “आजोबा, ते मागं टांगलेलं आहे. नाही कसं म्हणू? दिसतंय त्याला.”

आम्ही सुखरूप पोलादपूरला पोचलो. चाक दुसऱ्या दिवशी परत आले असेल, असे मी धरून चालतो. पण सुखरूप पोचलो यावरून ड्रायव्हरचे बरोबर होते असे ठरत नाही. खालच्या वळणावर आमचेच टायर फुटले असते, तर तेच औदार्य बेजबाबदारपणा ठरले असते. कृत्याची किंमत पुढच्या खिळ्यावर अवलंबून ठेवता येत नाही. म्हातारबुवांचा आक्षेप खरा होता, आणि माझ्या मते तो अजून खोडला गेलेला नाही. आम्ही भाडे दिले ते चार चाकांचे नव्हे, पाचांचे. आमच्या नावाने ठेवलेली सुरक्षितता आम्हांला न विचारता दान झाली. दान करणाऱ्याने स्वतःचे द्यावे. विश्वस्ताने दुसऱ्याचे देऊ नये.

या प्रश्नाला एक जुनी गोष्ट आठवते, आणि दिवाळीच्या दिवसांत ती आठवणे अगदी योग्य आहे, कारण ती दिव्यांची आहे. बायबलच्या नव्या करारात, मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात दहा कुमारिकांचा दृष्टान्त आहे. नवरदेवाची वाट पाहत त्या दिवे घेऊन बसतात. पाचजणींनी जादा तेल आणलेले, पाचजणींनी नाही. नवरदेवाला उशीर होतो, मध्यरात्री दिवे विझू लागतात, आणि शहाण्या पाचजणी तेल द्यायला नकार देतात: दोघींनाही पुरणार नाही, विकत आणा. लहान वयात ही गोष्ट ऐकली तर शहाण्या मुली दुष्टच वाटतात. धर्मोपदेशक सांगतात, की ते तेल म्हणजे आत्म्याची तयारी आणि ती उसनी देता येत नाही. ते मान्य. पण ज्यांनी नकार दिला त्यांच्याजवळ एक खरे कारण होते, हेही विसरू नये. तेल वाटले की दोन्ही दिवे अर्ध्या वाटेत विझतात. चाकाचे तसे नाही. अर्धे चाक कोणी मागत नाही. ते सबंध द्यायचे किंवा सबंध ठेवायचे. आणि दिलेले चाक त्या क्षणी एका गाडीची खरी गरज भागवते, तर ठेवलेले चाक दुसऱ्या गाडीची केवळ संभाव्य गरज. झालेले संकट आणि होऊ शकणारे संकट यांना एका तागडीत तोलणे मला न्यायाचे वाटत नाही. आपल्या शांतिपर्वात आपद्धर्माचा एक सबंध भाग आहे. तेथेही जे सवलतीचे नियम आहेत ते आपत्तीत सापडलेल्यासाठी आहेत, तिच्या भीतीत सापडलेल्यासाठी नव्हेत.

म्हणून माझा कौल ड्रायव्हरकडे झुकतो. पण त्याने आधी आम्हांला विचारायला हवे होते, एवढी अट घालून. विचारले असते तर आम्ही बहुधा ‘दे’ म्हटले असते. आणि बहुधा प्रत्येकाने दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहून म्हटले असते! तेही चालले असते. त्याचे वाक्य मात्र मला पटते. चाक डिकीत असते, तर ‘नाही हो, स्टेपनी दुकानात टाकलीय’ अशी थाप त्याला मारता आली असती. दारावर टांगलेल्या चाकाने ती सोय काढून घेतली. जवळ आहे हे जगाला दाखवायचे, त्याचा रुबाब मिरवायचा, आणि कोणी हात पसरला की ते शोभेचे होते म्हणायचे, हा व्यवहार वाघाच्या चित्राखाली झाकला जात नाही. ज्याला द्यायचे नसेल त्याने ते आत ठेवावे. त्यात पाप नाही.

जाणते जीपवाले आणखी एक करतात. चाकांची जागा बदलताना ते पाचवेही फेरीत घेतात, म्हणजे ते काही महिने रस्त्यावर धावते आणि धावणाऱ्यांतले एक दारावर विसावा घेते. नुसते टांगून ठेवलेले रबर उन्हाने कडक होते, त्याला बारीक भेगा पडतात, हवा हळूहळू उतरते; वर नक्षी कोरी करकरीत दिसते, आणि वेळ आली की दगा देते. टायरच्या कडेवर चार आकडे कोरलेले असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. आपल्या पाचव्या चाकाचे जन्मवर्ष किती मालकांना माहीत असते? आमच्या गल्लीत पाडव्याला एक नवी जीप आली. बॉनेटवर झेंडूचा हार, कुंकवाचे स्वस्तिक, आणि प्रथेप्रमाणे चारी चाकांखाली चार लिंबे. पाचव्या चाकाला लिंबू नव्हते, कारण ते जमिनीला टेकतच नव्हते. मालकाच्या धाकट्या मुलीच्या ते लक्षात आले. तिने उरलेले लिंबू हातात घेऊन ते कोठे ठेवायचे असे विचारले, आणि कोणालाच सांगता येईना, तेव्हा तिने ते चाकाच्या मधल्या खोबणीत अलगद बसवून दिले.