देवाचे काम आणि कारागिराचा इसार

ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी 57 फुटांवर चढले. धोक्याची पातळी 45 फुटांची. गणेश चतुर्थी 2 सप्टेंबरला होती, म्हणजे कृष्णा-पंचगंगेच्या काठच्या मूर्तिकारांकडे वर्षभराची कमाई मूर्तींच्या रूपात फळ्यांवर रंगाची वाट पाहत होती. शाडूची मूर्ती पाण्यात सापडली की तिची पुन्हा माती होते. पुढच्या वर्षी करोना आला. सरकारने सार्वजनिक मूर्तीला 4 फुटांची आणि घरगुती मूर्तीला 2 फुटांची मर्यादा घातली. पण मोठ्या मूर्तींचे काम काही महिने आधीच सुरू होते, त्यामुळे ज्यांनी त्या करून ठेवल्या होत्या त्यांचा माल अंगावर पडला. 2021 मध्ये उंचीची मर्यादा तशीच राहिली आणि जुलैत कृष्णेला पुन्हा पूर आला. सलग तीन हंगाम हातचे गेले.

अशा काळात मूर्तिकाराने चार पैसे जास्त मागितले, की एक ठरलेले उत्तर ऐकू येते: ‘अहो, देवाचं काम आहे, पैशाकडे काय बघता?’

मंदिराच्या भिंती रंगवणाऱ्या चित्रकारालाही हेच ऐकावे लागते आणि सप्ताहाचा देखावा उभारणाऱ्यालाही. वरून गीतेतल्या निष्काम कर्माचा दाखला मिळतो. त्यामुळे प्रश्न नीट तपासायला हवा. फळाची आसक्ती सोडणे म्हणजे मजुरी सोडणे आहे का?

वारकरी परंपरेत याचे उत्तर देणारी एक कथा आहे. नरहरी सोनार पंढरपूरचे, पण कट्टर शैव. विठ्ठलाचे दर्शनही घेत नसत. एका सावकाराने विठ्ठलासाठी सोन्याचा करगोटा घडवायला सांगितला. त्याने आणून दिलेल्या मापाने नरहरींनी तो घडवला, पण मूर्तीच्या कमरेला तो बसेना. कधी सैल, कधी घट्ट. शेवटी डोळ्यांना पट्टी बांधून नरहरी स्वतः माप घ्यायला गाभाऱ्यात गेले. हाताला शंकराच्या खुणा लागल्या, म्हणून पट्टी सोडली तर समोर विठ्ठल. पुन्हा पट्टी बांधली, तर पुन्हा शंकर. हरी आणि हर एकच आहेत, हे त्यांना तिथे उमगले.

या कथेकडे कारागिराच्या बाजूने क्वचितच पाहिले जाते. नरहरींना साक्षात्कार झाला तो गिऱ्हाइकाने सांगितलेल्या, मोबदल्याच्या कामात, माप चुकले म्हणून दुसऱ्यांदा मेहनत घेताना. दुकान बंद करून ते देवाकडे गेले नव्हते. गोरोबांचे चाक आणि सावतोबांचा मळा यांचीही परंपरेत हीच जागा आहे. ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायात स्वकर्मालाच ईश्वराची पूजा मानले आहे. पूजा मानलेले ते कर्म माणसाच्या चरितार्थाचेही आहे.

यावर कोणी तुकोबांचे नाव घेईल. दुष्काळात त्यांचा व्यापार बुडाला आणि पुढे शिवाजी महाराजांनी पाठवलेला नजराणा त्यांनी परत केला, असे परंपरा सांगते. पण ते वैराग्य तुकोबांनी स्वतः स्वीकारलेले होते. दुसऱ्याच्या वैराग्यावर आपला खर्च वाचवण्याची मुभा त्यातून कोणाला मिळत नाही.

निष्कामतेची खरी जागा मूर्तिशाळेत दिसते. डोळ्यांची आखणी शेवटी होते. बारीक कुंचला, रोखून धरलेला श्वास, पापणीची एक रेघ. ती केसभर सरकली तर नजर फिरते आणि मूर्ती समोरच्याकडे पाहत नाही. त्या क्षणी हाताला ना भाव आठवतो ना नाव. पण हा हात स्थिर राहायचा तर माती, रंग आणि मदतनिसांचे पैसे भागलेले असावे लागतात. उधारी डोक्यावर असली की आखणी घाईत उरकली जाते.

सातारा जिल्ह्यातल्या औंध संस्थानाने हे ओळखले होते. तिथले राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. त्यांच्या चित्रांचे रामायण 1916 मध्ये प्रसिद्ध झाले. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या सचित्र आवृत्तीसाठी त्यांनी एक लाख रुपयांची देणगी जाहीर केली. यमाईच्या डोंगरावर 1938 मध्ये उभारलेल्या श्रीभवानी संग्रहालयात रविवर्मा, धुरंधर आणि बाबूराव पेंटर यांची चित्रे आहेत, हेन्री मूरचे शिल्पही आहे. धर्मग्रंथाची सेवा करताना चित्रकाराला काम देणे हा राजाला त्याच सेवेचा भाग वाटला.

श्रीपाद दामोदर सातवळेकर याच औंधात आले. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेले हे चित्रकार लाहोरला स्टुडिओ चालवत आणि व्यक्तिचित्रे करत. औंधात त्यांनी स्वाध्याय मंडळ स्थापन केले आणि वेदांच्या प्रकाशनाला वाहून घेतले. कुंचल्याने संसार चालवला होता म्हणून त्यांच्या वेदाध्ययनाला उणेपणा आला नाही. त्यांच्याकडे चित्रकला शिकलेले शंकरराव किर्लोस्कर आजच्या सांगली जिल्ह्यातल्या किर्लोस्करवाडीला गेले. नांगराच्या कारखान्याच्या जाहिराती करता करता त्यांनी 1920 मध्ये मासिक सुरू केले, व्यंगचित्रे काढली आणि इतर चित्रकार-लेखकांनाही त्यातून काम दिले. जाहिरात हाती घेतली म्हणून त्यांच्यातला चित्रकार संपला नाही.

संस्थाने विलीन झाली. आता आश्रयदात्याची जागा गणेश मंडळे, देवस्थानांचे विश्वस्त, साखर कारखाने आणि नगरपालिका यांच्याकडे आहे. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात परस्परांना पोसण्याचे चक्र सांगितले आहे, आणि मिळालेले परत न देता एकटाच भोगणाऱ्याला तिथे चोर म्हटले आहे. कलावंताला निष्कामता शिकवणाऱ्यांनी तो अध्यायही वाचावा. त्यातून मंडळाच्या जमाखर्चात उतरवण्याजोग्या साध्या गोष्टी निघतात. मूर्ती ठरवतानाच निम्मा इसार द्यावा, म्हणजे शाडू आणि रंग उधारीवर आणावे लागणार नाहीत. ध्वनियंत्रणेच्या आधी मूर्तिकाराचा हिशेब चुकता करावा. पुराने किंवा सरकारी आदेशाने ठरलेली मूर्ती रद्द झाली, तर नुकसान एकट्या कारागिराने सोसू नये, दोघांनी वाटून घ्यावे. आणि देवस्थानांनी जीर्णोद्धाराचा खर्च धरताना सिमेंट आणि संगमरवराखाली चित्रकाराच्या मजुरीचीही एक ओळ लिहावी.