नऊ आठवड्यांचा हिशेब

फुफ्फुसाचा कर्करोग मेंदूत पसरल्याचं एमआरआयमध्ये दिसलं की घरच्यांचा पहिला प्रश्न असतो, "डॉक्टर, लाईट कधीपासून द्यायची?" लाईट म्हणजे रेडिएशन. प्रश्न मायेपोटीच येतो. पण त्यात एक धास्तीही असते : उद्या चार लोकांनी म्हणायला नको, की यांनी काहीच केलं नाही. ज्याच्या डोक्यावर ती लाईट पडणार, त्याला मात्र बहुधा कुणी काही विचारलेलं नसतं. ते मला खटकतं.

ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियातल्या क्वार्ट्झ चाचणीचे निष्कर्ष २०१६ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आले. त्यात फुफ्फुसाच्या कर्करोगाचे ५३८ रुग्ण होते. शस्त्रक्रिया किंवा फक्त गाठीवर नेमका मारा करणारं रेडिएशन त्यांच्यासाठी योग्य नव्हतं. मेंदूची सूज उतरवणारं डेक्सामेथासोन आणि शुश्रूषा सगळ्यांना मिळाली. निम्म्यांना त्याखेरीज संपूर्ण मेंदूवर पाच वेळा रेडिएशन दिलं. ते घेणारे निम्मे रुग्ण ९.२ आठवड्यांपलीकडे जगले, न घेणारे ८.५. दिवस कसे गेले याचंही वजन धरून हिशेब केला, तेव्हा ४६.४ दिवस विरुद्ध ४१.७ दिवस असं उत्तर आलं. फरक ४.७ दिवसांचा, आणि तोही संख्याशास्त्राच्या कसोटीवर ठाम नव्हे. उपचार पाच दिवसांचे, पदरात जेमतेम तेवढेच दिवस. शिवाय केस गळणं, मळमळ, गुंगी हे वेगळंच.

हा निकाल सरसकट सगळ्यांना लावणं चूक ठरेल. त्याच चाचणीत साठीच्या आतल्यांना थोडा अधिक लाभ होत असावा, असा संकेत होता. गाठी एक ते तीनच असतील, तर तेवढ्याच जागी रेडिएशन देता येतं आणि स्मरणशक्ती बरीच वाचते. संपूर्ण मेंदूवर द्यावंच लागलं, तरी आठवणींशी निगडित हिप्पोकॅम्पसचा भाग चुकवता येतो. तसं केल्याने बुद्धीचा ऱ्हास कमी होतो, हे २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत दिसलं. काहींच्या ट्यूमरमध्ये विशिष्ट जनुकीय बदल सापडतात; त्यांच्यासाठी मेंदूपर्यंत पोचणाऱ्या गोळ्या आहेत. म्हणून रेडिएशन नको, असं मी म्हणत नाही. ते कुणाला, कशासाठी आणि कुणाच्या इच्छेने, एवढंच विचारतो.

आपल्याकडे तर हिशेबात प्रवासही धरावा लागतो. मराठवाड्यातून रात्रभराच्या गाडीने मुंबईत परळच्या कर्करोग रुग्णालयात यायचं, धर्मशाळेत जागा मिळाली तर ठीक, नाहीतर फूटपाथ. नऊ आठवड्यांतले दोन असे गेले, तर उरलेल्यांतून काय वजा झालं, हे कुठल्याच तक्त्यात येत नाही. त्या दिवसांत एखाद्याला स्वतःच्या ओसरीवर बसायचं असेल, नातीचं नाव न चुकता घ्यायचं असेल. दुसऱ्याला लेकीच्या लग्नापर्यंत टिकायचं असेल, आणि त्यासाठी तो प्रवास आनंदाने सोसेलही. दोघांचीही निवड योग्यच, पण ती त्यांनी स्वतः केलेली असावी.

रोग मेंदूत आहे, त्यामुळे विचारायला उशीर करून चालत नाही. आज नीट बोलणारा माणूस महिन्याने बोलेलच असं नाही. म्हणून डॉक्टरांना आणि घरच्यांना विनंती आहे : लाईटची तारीख घेण्याआधी, त्याच्याजवळ बसून, त्याच्या भाषेत विचारा, "पुढचे दोन महिने तुम्हाला कसे घालवायचे आहेत?"